नवी चेन टाकली तरी कट डावीकडेच: एका कटर मशीनचं प्रकरण

"मशीन डावीकडं ओढायलीय ओ अण्णा. चेन नवी टाकली, तरी ओढायलीयच. इंजिनच गेलं असंल तर तसं सांगा, विकून मोकळा होतो."

तक्रार एवढीच. हे चेनसॉ मशीन दुरुस्तीला आमच्याकडं आणणारे मोहोळ तालुक्यातले लाकूडतोडीचे ठेकेदार. सगळे त्यांना मामा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, वाऱ्यानं पडलेले कडुनिंब असं काम घ्यायचं आणि निघालेला माल सोलापुरातल्या वखारींना द्यायचा, हा त्यांचा धंदा. मशीन ५० सीसीच्या वर्गातलं. बार, म्हणजे जिच्या कडेच्या खाचेतून चेन फिरते ती लांब पट्टी, १८ इंची. चेन ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप), ७२ ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची. दोन लिंकांमागं एक, म्हणजे ३६ दात, डावे १८ आणि उजवे १८. हा आकडा पुढं कामाला येणार आहे.

इंजिनाचा संशय आधी काढून टाकतो, कारण असली मशीन याच गैरसमजातून भंगारच्या भावात जातात. इंजिन कमजोर झालं तर कट हळू होतो, वाकडा होत नाही. इंजिनाचं काम चेन फिरवण्यापुरतं. चेन लाकडात कुठल्या दिशेनं शिरणार हे दात ठरवतात, आणि दात सरळ उभे राहणार की कलणार हे बार ठरवतो. बार जिथं बोल्टवर बसतो ती जागाच वाकली असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मशीन कुठून तरी आपटलं असेल तरच होतं, आणि नट काढून बघितलं की दिसतं. इथं तसं काही नव्हतं.

लाकूड आधी बघितलं

मशीन उघडण्याआधी मी मामांना विचारलं, कापलेला एखादा ओंडका आहे का. छोट्या हत्तीत बाभळीचे दोन होते. एकाच्या कापलेल्या तोंडाला काटकोन तपासायचा गुण्या लावला. वरच्या सालीपाशी गुण्या बरोबर बसत होता, पण जसं खाली जावं तसं तोंड डावीकडं वळत गेलेलं. दहा इंचांच्या ओंडक्यात तळाशी बोटभर फरक होता. मधल्या भागात लाकूड काळपट, भाजल्यासारखं. बार त्या वाकड्या चिरेत अडकून घासत होता, त्याचा तो डाग. कट वाकडा झाला की बारला ताठ राहायला जागा उरत नाही. मग माणूस हँडल पिळतो, जोर लावतो, आणि जोर लावला की झीज आणखी वाढते.

"कापताना काय पडतंय?" असं मशीन चालवणाऱ्या पोराला विचारलं.

"पीठ पडतंय."

धार चांगली असेल तर आडव्या कटात जाड कीस उडतो, पार बुटात जातो. वाळक्या बाभळीत तो जरा बारीक पडतो हे खरं, पण पीठ पडायला लागलं म्हणजे दात कापत नाहीत, नुसते खरवडतात.

इथपर्यंत दोन गोष्टी कळल्या. धार गेलेली आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी गेलेली नाही. कारण दोन्ही बाजू सारख्याच बोथट असतील तर मशीन नुसतं चालत नाही, एका बाजूला ओढत नाही. ते डावीकडं ओढत होतं, म्हणजे डाव्या बाजूचे दात जास्त घेत होते आणि उजवे मागं पडत होते. कट नेहमी जास्त धारदार, जास्त लांब दातांच्या बाजूला सरकतो. गिऱ्हाइकांचा अंदाज बहुतेक वेळा उलटा असतो. डावीकडं ओढतंय म्हणजे डाव्या दातांत बिघाड, असं समजून ते चांगली बाजू घासत बसतात.

डावे-उजवे दात हे प्रकरण आलं कुठून, हे थोडक्यात सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले जोसेफ कॉक्स हे लाकूडतोडे. लाकूड पोखरणारी एक जाडजूड अळी जबडा डावीकडं-उजवीकडं आळीपाळीनं चालवत लाकडातून कशी वाट काढते, ते त्यांनी १९४६ मध्ये बघितलं आणि त्यावरून चेनचे दात बनवले. १९४७ पासून ती चेन बाजारात आहे. आज आपल्याकडच्या वखारीत फिरते ती चेन त्याच घराण्यातली. आळीपाळीनं चावणाऱ्या या जबड्याची एक बाजू अधू झाली, तर वाट सरळ राहणार कशी?

मामांचा खिळा आणि खरं कारण

मामांचं मत पक्कं होतं: खिळा लागला. विजापूर रोडच्या बाजूला एका बंगल्यासमोरचा कडुनिंब त्यांनी परवानगी निघाल्यावर पाडला होता. शहरातल्या कडुनिंबात काय काय असतं ते आम्हाला ठाऊक आहे. पाट्यांचे खिळे, कपडे वाळत घालायच्या तारा, दिव्यांच्या माळांचे हूक, कधी झाडानं पूर्ण गिळलेला लोखंडी कडा. तेव्हा खिळ्याची शक्यता मी उडवून लावली नाही.

पण खिळ्याची खूण वेगळी असते. खिळ्यावर गेलेला दात तुटतो. त्याच्या कडेला खाच पडते, वरच्या क्रोमचा टवका उडतो. भिंग धरून बघितलं तर दोन-तीन दातांवर तशी बारीक टिचकी होती, बाकीच्यांवर नव्हती. उजवीकडच्या दातांचा पुढचा कोपरा मात्र सरसकट गोल झालेला होता आणि तिथं चकाकी आलेली. उजेडात मशीन तिरकं केलं की तो कोपरा पांढऱ्या रेघेसारखा चमकायचा. धारदार कडेवरून उजेड परतत नाही. रेघ चमकली की तिथली धार संपलेली आहे. आणि असा गुळगुळीत गोलावा माती-वाळूनंच येतो, लोखंडानं येत नाही.

मग पोराला विचारलं, गेल्या काही महिन्यांत काम कुठलं झालं. उत्तर सरळ होतं: सीनाकाठचं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, त्यानंतर नदीकाठच्या शेतांतली आडवी झालेली झाडं आणि उरलेले बुडखे काढायचं काम यांनी घेतलं होतं. शेतमालकाला नांगर फिरवायचा असतो, तेव्हा बुडखा जमिनीला लागून हवा. पुरानं सालीच्या भेगांत गाळ भरलेला, वरून तो वाळून कडक झालेला.

आता मशीन कसं धरतात ते डोळ्यांसमोर आणा. उभं झाड पाडताना किंवा बुडखा कापताना मशीन आडवं करतात. डावा हात पुढच्या हँडलच्या बाजूच्या भागावर, आणि क्लच-कव्हरची बाजू खाली. क्लच-कव्हर आणि बार मशीनच्या उजव्या अंगाला असतात, त्यामुळं बार जमिनीच्या अगदी जवळ नेता येतो. पण मग जमिनीकडं तोंड असतं ते चेनच्या उजव्या दातांचं. बुडखा जितका खाली, तितके उजवे दात मातीत, आणि डावे दात वर, स्वच्छ लाकडात. एकाच चेनच्या दोन बाजू दोन वेगळ्या कामांवर होत्या.

पोराचं पुढचं वाक्य ऐकून बाकीचं सगळं जुळलं. "उजवीकडचे दात लवकर बोथट व्हायचे, म्हणून तिकडं जास्त घासायचो."

त्याच्या बाजूनं बघितलं तर यात चूक काही नाही. बोथट झालं तिथं जास्त घासायचं, हे कोणालाही पटेल. विळा-कोयता असता तर पटण्यासारखंच होतं. चेनच्या दाताची घडण मात्र निराळी आहे. त्याचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो आणि मागं जाताना अरुंदही होतो. दात घासून आखूड झाला की तो ठेंगणा होतो आणि बाजूलाही कमी पसरतो. उजवे दात आखूड झाले म्हणजे ते धार लावल्यावरही डाव्यांच्या उंचीला पोचत नाहीत. शिवाय प्रत्येक दातापुढं एक खुंट असतो, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दातानं एका वेळी किती खोल चावायचं ते हा खुंट ठरवतो. दाताचा माथा खाली गेला आणि खुंट तसाच राहिला, तर दात लाकडापर्यंत पोचायच्या आधी खुंटच लाकडाला टेकतो. पोरानं खुंटांना कधी हात लावलेला नव्हता. ते घासायचे असतात हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

व्हर्निअर लावला. डावे दात लांबीला सात मिलिमीटरच्या आसपास, उजवे साडेपाचच्या आसपास, आणि उजव्यांमध्येही एकसारखेपणा नाही. दातापेक्षा खुंट किती खाली आहे ते बघितलं. या चेनला ०.६५ मिलिमीटर, म्हणजे २५ हजारांश इंच हवं. डावीकडं जवळपास तेवढं होतं, उजवीकडं त्याच्या निम्म्याहून कमी. धारेचा कोन डावीकडं ३० अंशांच्या जवळ, उजवीकडं बराच कमी. तेही समजण्यासारखं आहे. पोरगा एकाच जागी बसून मशीन गुडघ्यांत धरून दोन्ही बाजू घासायचा. एका बाजूला हात मोकळा चालतो, दुसरीकडं मनगट अवघडतं, आणि अवघडलेला हात कानस आडवी करतो.

इथं थांबलो असतो तर निदान झालं असं वाटलं असतं: चेन एकतर्फी झिजली, दात बरोबरीला आणा, विषय संपला. पण मामांच्या तक्रारीतली एक गोष्ट त्यात बसत नव्हती. नवी चेन टाकल्यावरही मशीन डावीकडं का ओढत होतं? नव्या चेनचे दात दोन्ही बाजूंना सारखेच होते, ते मी मोजले.

बार

मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात जाड हातमोजे. जुनी चेन बारवर ताणून बसवली, एक दात चिमटीत धरून डावीकडं-उजवीकडं हलवून बघितला. थोडा खेळ असतोच. इथं दात डावीकडं चांगलाच कलत होता.

नंतर पोलादी पट्टीची परीक्षा. पट्टीची कड एका बाजूनं दाताला आणि बारच्या अंगाला टेकवायची. दात बारपेक्षा थोडा बाहेर असतो, त्यामुळं पट्टी आणि बार यांच्यामध्ये बारीक फट दिसायला हवी. फट दिसली तर चेन सरळ उभी आहे. पट्टी बारला सपाट चिकटली तर चेन कललेली आहे, म्हणजे बारची खाच रुंदावली आहे किंवा कड झिजली आहे. एका बाजूला फट मोठी दिसली, दुसऱ्या बाजूला पट्टी जवळजवळ चिकटली.

बार काढून साफ केला, खाचेतला चिकट काळा गाळ पत्र्याच्या तुकड्यानं ओढून काढला आणि कडांवर गुण्या ठेवला. बार खिडकीच्या उजेडाकडं धरला तर गुण्याखालून डाव्या कडेवर उजेडाची चीर दिसत होती. डावी कड उजवीपेक्षा खाली गेलेली, आणि तिच्या बाहेरच्या अंगाला लोखंडाची पातळ धारदार कोर उभी राहिलेली. नख फिरवलं तर नख अडत होतं. हे सगळं बारच्या खालच्या बाजूला, जिथं कापायचा जोर पडतो. वरच्या बाजूला झीज होती, पण बरीच कमी.

कशामुळं, हे आता उघड होतं. चेन महिनोन्‌महिने डावीकडं ओढत राहिली, पोरगा तिला उजवीकडं आणायला हँडल पिळत राहिला, आणि तो सगळा आडवा जोर कडांनी सोसला. त्यात बारला तेल नीट पोचत नव्हतं. त्याकडं पुढं येतो.

चेन दोषी की बार दोषी, हे ठरवायची सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे बार उलटा करून बसवणं. वरची कड खाली, खालची वर. एरवीही बार असा अधूनमधून फिरवायचाच असतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. उलटल्यावर कट सरळ झाला किंवा दिशा बदलली, तर दोष बारचा. काहीच फरक पडला नाही, तर दोष चेनचा. आमच्या अंगणात ओंडका घोडीवर ठेवला, जुनी चेन आणि उलटा बार लावून, मशीनचं वजन पडेल तेवढंच पडू देऊन कट घेतला. ओढ कमी झाली, पण गेली नाही. म्हणजे दोघंही दोषी. चेननं बार बिघडवला आणि बिघडलेला बार चेनला आणखी डावीकडं पाडत होता. दोन्हींची दिशा एकच असल्यामुळं बाहेरून एकच दोष दिसत होता. दोष परस्परविरोधी असते तर कदाचित कट बराचसा सरळ गेला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. तशीही मशीन आमच्याकडं येतात. मालक म्हणतो हळू कापतंय, आणि आत दोन दोष एकमेकांना झाकून बसलेले असतात.

नवी चेन

आता राहिली नवी चेन. ती झिजक्या बारवर चढवली म्हणून ओढली, एवढं उत्तर पुरेसं वाटलं असतं. पण उलट्या बारवरही ती जुन्या चेनपेक्षा जास्त डुलत होती. हातानं हलवली तरी दोन्हीकडं ढिली.

ड्राइव्ह लिंकला व्हर्निअर लावला. १.३ मिलिमीटर. बारची मूळ खाच १.५ ची.

ही चूक कशी होते ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ती सतत होते. चेन घ्यायला जाताना जुनी चेन सोबत नेतात. दुकानात दोन्ही शेजारी लोंबत धरतात. लिंका मोजल्या, ७२ भरल्या. पिच सारखा, लांबी सारखी, दात शेजारी शेजारी बसतात. जुळली! पण ०.३२५ पिचच्या चेना सहसा १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर अशा तीन जाडीत येतात, आणि ०.२ मिलिमीटरचा फरक लोंबत्या चेनमध्ये डोळ्याला दिसत नाही. जाड चेन अरुंद खाचेत बसतच नाही, त्यामुळं तो घोटाळा दुकानातच उघडा पडतो. पातळ चेन रुंद खाचेत आरामात बसते, मशीन सुरू होतं, चेन फिरते. फक्त सरळ उभी राहत नाही.

ओळखायची खूण लिंकवरच असते. ओरेगॉन कंपनीच्या ०.३२५ चेनवर २० आकडा म्हणजे १.३, २१ म्हणजे १.५, २२ म्हणजे १.६. श्टील कंपनीच्या लिंकवर ३, ५ किंवा ६ असा एकच अंक असतो, तो मिलिमीटरचा दशांश. बारवरही बुडाशी, बोल्टच्या खाचेजवळ, पिच आणि गेज (म्हणजे ही जाडी) कोरलेलं असतं, पण तिथं तेल-भुसा इतका थापलेला असतो की ते वाचायला आधी रॉकेलचा बोळा फिरवावा लागतो. मामांच्या बारवर ते स्पष्ट निघालं.

विकणाऱ्यानं मुद्दाम दिली असं मी म्हणणार नाही. विचारलंच नाही तर तोही लिंका मोजूनच देतो.

दुरुस्ती

बारच्या कडा चपट्या कानशीनं काटकोनात घासून एका पातळीवर आणता येतात. जास्त उंच असलेली कड खालच्या कडेपर्यंत उतरवायची, बाहेरची कोर काढायची. हे प्रत्येक धारेच्या वेळी जरा-जरा करत राहिलं तर बार वर्षानुवर्षं टिकतो. इथं उशीर झाला होता. उजवी कड डावीइतकी उतरवली असती तर खाचेची खोली कमी झाली असती आणि ड्राइव्ह लिंकची टोकं खाचेच्या तळाला टेकली असती. चेनचं वजन कडांवर यायला हवं, टोकांवर नाही. शिवाय खाच रुंदावलेली. ऐरणीवर ठेवून हातोडीनं कडा आत दाबायची एक जुनी युक्ती आहे. मी ती करत नाही. कड कुठं जास्त दबते, कुठं कमी, आणि आठवड्याभरात पुन्हा पसरते. बार बदलायचा ठरला.

मग प्रश्न आला, कुठला बार? मामांचं गणित सरळ होतं: "चेन १.३ ची नवी कोरी पडलीय. १.३ चाच बार द्या की." तांत्रिकदृष्ट्या चालतं. क्लचपाशी चेन फिरवणारं दातेरी चाक पिचवर चालतं, गेजवर नाही, त्यामुळं तेच चाक दोन्हींना चालेल. पण जुनी चेन १.५ ची, ती टाकून द्यायची नव्हती, आणि मामांकडं दुसरं मशीनही १.५ चंच आहे. एका पेटीत दोन जाडीच्या चेना म्हणजे हाच घोटाळा पुन्हा घडायची सोय. मी १.५ चाच बार घ्यायला सांगितलं. बार्शीकडच्या एका ठेकेदाराचं मशीन १.३ चं आहे, त्यांनी ती नवी चेन कमी पैशांत घेतली. मामांचं थोडं नुकसान झालं, पण ते त्यांनी मान्य केलं.

जुनी चेन नव्या बारवर चढवली आणि दात बरोबरीला आणले. हा भाग मामांना बघवत नव्हता. सगळ्यात आखूड दात शोधायचा, त्याला धार लावायची, आणि बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणायचे. म्हणजे डावीकडचे धडधाकट अठरा दात दीड-दीड मिलिमीटर घासून टाकायचे.

"चांगले दात कशाला खाताय, अण्णा?"

कारण उजवे वाढवता येत नाहीत. दात ३ ते ४ मिलिमीटरवर आला की, कंपनी सांगते त्याप्रमाणे, चेन काढायचीच असते. काही चेनवर दाताच्या माथ्यावर तिरकी रेघ असते, ती तीच मर्यादा दाखवते. साडेपाचवर आणलेल्या चेनमध्ये अजून बरीच धार शिल्लक होती. वाकडी ठेवून ती वापरली असती तर नवा बारही गेला असता.

४.८ मिलिमीटरची गोल कानस, कोन ३० अंश, कानशीचा पाचवा भाग दाताच्या माथ्याच्या वर. नेहमी दाताच्या आतून बाहेर, आणि परतताना कानस उचलायची, ओढायची नाही. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूला उभं राहायचं. हे मी पोराकडूनच करून घेतलं. दोन्हीकडं सारखे हात मारायचे हा नियम लोक सांगतात, तो अर्धाच खरा आहे. अवघड बाजूला तेवढ्याच हातांत कमी लोखंड निघतं. हात मोजण्याबरोबर दातही मोजायचा.

खुंट शेवटी. मापाची पट्टी ठेवून जो भाग वर येतो तेवढाच चपट्या कानशीनं काढायचा, पुढचा कोपरा पुन्हा गोल करायचा. इथं हावरेपणा नको. खुंट जास्त खाली गेला की दात एका घासात जास्त लाकूड धरतो, मशीन हिसका देतं, आणि बारचं टोक लाकडाला लागलं तर ते चालवणाऱ्याच्या तोंडाकडं उसळतं. बाभळीसारख्या टणक लाकडात तर खुंट ०.६५ पेक्षा जास्त खाली न्यायचं काहीच कारण नाही.

क्लचपाशचं दातेरी चाक बघितलं. त्यावर चेननं पाडलेल्या चरांची खोली अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पोचली नव्हती, म्हणून ठेवलं. दोन चेना संपल्या की चाक बदलायचं, हा साधारण हिशोब.

राहिलं तेल. बारच्या तेलाचं भोक आणि मशीनच्या अंगावरचं तोंड दोन्ही काळ्या चिखलानं बुजलेले. मामांच्याकडं बारला गाड्यांचं जळकं ऑइल वापरतात, कारण ते गॅरेजवाला फुकट देतो. त्यात लोखंडाचे कण असतात, म्हणजे आपणच खाचेत वाळू ओतल्यासारखं होतं. शिवाय मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा ते इतकं पातळ होतं की चेनवर थांबतच नाही, फिरताना उडून जातं. चेन ऑइल चिकट असतं ते याचसाठी. ते नसेल तर ९० नंबरचं ईपी गिअर ऑइल चालतं, काही कंपन्या पुस्तिकेत तसं लिहूनही देतात. जळकं मात्र कोणतीच कंपनी चालवून घेत नाही. तेल पोचतंय का हे बघायला बारचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरून मशीन रेस करायचं. कागदावर तेलाची बारीक रेघ उठायला हवी. भोकं साफ केल्यावर ती उठली. शेतावर कागद नसेल तर आणखी सोपं आहे: पेट्रोलची टाकी संपली आणि तेलाची अजून भरलेली दिसली, तर तेल बारला जात नाही.

शेवटी पुन्हा तोच बाभळीचा ओंडका. जोर न लावता कट खाली उतरू दिला. जाड, लांब कीस पडला. तोंडाला गुण्या लावला, वरपासून तळापर्यंत बसला. मामांनी गुण्या स्वतःच्या हातात घेऊन परत लावून बघितला, दुसऱ्या बाजूनंही.

वाकड्या कटात नुसतं लाकूड वाया जातं असं नाही, म्हणून या सगळ्याला एवढा वेळ दिला. झाड पाडताना मागचा कट आणि पुढची खाच यांच्यामध्ये न कापलेल्या लाकडाची एक पट्टी सोडतात, झाड त्या पट्टीवर वळून ठरलेल्या बाजूला पडतं. मागचा कट वळत गेला तर ती पट्टी एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक होते, आणि झाड जाड बाजूला ओढलं जातं. मोकळ्या शेतात ते चालून जाईल. विजेच्या तारांखाली, घरांच्या मध्ये उभ्या कडुनिंबाला ते चालणार नाही, आणि मामा ही दोन्ही कामं एकाच मशीनवर करतात.

बुडख्याचं मात्र पूर्ण समाधान निघालेलं नाही. शेतमालकाला तो जमिनीला लागूनच हवा आहे, हे बदलणार नाही. त्यावर तोडगा असा काढला: आधी कुदळीनं बुडाची माती बाजूला करायची, कुऱ्हाडीनं तिथली साल उतरवायची, मग मशीन लावायचं. आणि त्या कामाला जुनी, संपत आलेली चेन ठेवायची, चांगली चेन वरच्या कामाला. पोरानं हे मान्य केलं. मामा साल काढायच्या मजुरीवर अजून घासाघीस करतायत, आणि चेन ऑइलचा डबा बघून म्हणाले, "या भावात तर खायचं तेल येतंय की ओ." शेवटी गिअर ऑइलवर सौदा ठरला.